दोन बोटांची जागा

ज्ञानू शिंप्यानं नवा लेंगा उलटा केला, नेफ्यातली नाडी सर्रकन ओढून काढली आणि ती काउंटरवर टाकत विचारलं, “सुभेदार, येवढ्या मोठ्या मापाच्या लेंग्याला इलॅस्टिक? कुणासाठी म्हणायचं?” प्रश्न साधाच होता. पण हंबीररावांनी आधी दुकानाबाहेर बघून घेतलं. उत्तर त्यांनी घरातूनच घोटून आणलं होतं: मलाच पाहिजे, पोटाला नाडी काचते. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला आणि पुढं बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस एवढं तर सरळ तोंडानं बोलू शकतो. तोंडातून मात्र आलं, “पोरासाठी.” ज्ञानूनं सुई दातात धरली. “शंभूराज व्हय? पुण्यास्नं आला म्हणायचा. आयटीतली पोरं समदी इलॅस्टिकचंच घालत्यात आता. बसून बसून गाठ मारायचंबी इसरली.” आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मशीन खडखडलं, लेंगा तयार झाला. उरलेली नाडी त्यानं नीट गुंडाळून पिशवीत घातली. “र्‍हाऊ द्या. नाडी घरात कवाबी कामाला येती.” साताऱ्याच्या पोवई नाक्यावर येईपर्यंत हंबीररावांना त्या पिशवीचं वजन दुप्पट वाटायला लागलं होतं. रस्त्यावर कचरा टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी एसटी स्टँडवरच्या डब्यात त्यांनी नाडी टाकली, वर वर्तमानपत्र टाकलं, दोन पावलं गेले, परत आले आणि वर्तमानपत्र आणखी खाली दाबलं. पलीकडं शेंगा खाणारी एक बाई त्यांच्याकडं टक लावून बघत होती. बॉम्ब ठेवणारा माणूस याहून निवांत दिसत असेल, असं त्यांना वाटून गेलं.

सांगली गाडीत खिडकी मिळाली. खिडकी मिळाली की माणसाला आपलं काहीतरी बरं चाललंय असं उगाच वाटतं. आज शंभूला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, औषधं लागू पडलीत, या एकदा, बसून बोलू. “बसून बोलू” हे शब्द हंबीररावांनी बायकोपर्यंत पोचवलेच नाहीत. शालूबाईला ते एवढंच म्हणाले, “उद्या आणतो.” तेवढ्यावर तिनं मागची खोली घासूनपुसून धुवून काढली, खिडकीला नवा पडदा लावला आणि पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणला. का आणला ते दोघांनाही माहीत होतं. भिंतीकडच्या बाजूला लोखंडी पायाचा रंग घासून घासून गेला होता. गाडी कराडकडं लागली. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, ड्रायव्हर एकेका ट्रॅक्टरवाल्याच्या आईबापाची विचारपूस करत होता, आणि हंबीरराव पडद्याच्या रंगाचा विचार करत होते. निळा. शंभूला निळा आवडतो का? पोराला काय आवडतं हे आठवताना त्यांना सारखा चौथीतला शंभू आठवायचा. त्यानंतरच्या शंभूची त्यांच्याकडं नोंदच नव्हती. त्यानंतर ते कुपवाड्यात होते, मग भटिंड्याला, मग बँकेच्या दारात.

कॉलनीत शंभू पुण्याला होता. म्हणजे होता तो मागच्या खोलीतच, पण कॉलनीचं त्यावर एकमत झालं होतं की तो पुण्याला आहे. शेजारचे हरिबा, तेही फौजेतलेच, रोज सकाळी फिरून येताना फाटकाशी थांबायचे. “काय म्हणतोय शंभू पुण्यात?” “बरा हाय. काम लय असतं.” नेमकं त्याच वेळी मागच्या खोलीतून शंभूचा आवाज यायचा. कधी शिव्या, कधी मोठमोठ्यानं गणिताचे पाढे, कधी नुसतंच “ओ, कोण हाय का?” हरिबा आभाळाकडं बघायचे. “हवा बदलली न्हवं?” “व्हय, बदलली.” आत शालूबाई टीव्हीचा आवाज वाढवायची. कोणती मालिका लागली आहे यावरून शंभूची तब्येत कॉलनीला कळत असावी. एवढं सौजन्य हंबीररावांना सैन्यातही कुणी दाखवलं नव्हतं. एकानं जरी फाटक उघडून विचारलं असतं की सुभेदार, हा आवाज कुणाचा, तर काय झालं असतं? त्यांनी भांडण काढलं असतं, दुसरं काय. पण भांडण झाल्यावर कदाचित खाली बसले असते. पायरीवर. आणि मग कदाचित बोलले असते. कुणी विचारलं नाही. लोक फार चांगले होते.

शंभूला बांधायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीतून तो परत आला तेव्हा नुसता गप्प होता. मग एसीच्या जाळीतून साहेब आपलं नाव घेतात असं म्हणायला लागला. इथं एसी नव्हता, तर ते फ्रिजमधून बोलायला लागले. हसायला येईल असंच होतं ते, आणि पहिल्या वेळी हंबीरराव हसलेही होते. मग एका पहाटे तो हायवेवर सापडला. मधल्या पट्ट्यावर नव्हे, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, ट्रॅफिक पोलिसासारखा. एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी घालून त्याला धरून ठेवलं होतं. परप्रांतातला माणूस होता. तो हंबीररावांना म्हणाला, “साब, बच्चे को संभालो.” संभाळायचं म्हणजे काय करायचं हे त्यानं सांगितलं नाही. घरी आल्यावर हंबीररावांनी दोर काढला. शालूबाईनं तो हातातून घेतला, बाहेर टाकला आणि ट्रंकेतलं तिचं जुनं मऊ झालेलं इरकली लुगडं काढून उभं फाडलं. एवढ्यावर थांबली नाही. मशीनवर बसून तिनं त्या पट्ट्यांच्या कडा दुमडून शिवल्या, दशांनी कातडी कापू नये म्हणून. मशीन चालवताना ती रडत नव्हती. पूर्ण लक्ष टाक्यात होतं. तान्ह्या पोराचं लंगोट शिवताना असतं तसं.

आणि गाठ हंबीररावांची. गाठीत त्यांचा हात धरणारा बटालियनमध्ये कुणी नव्हता. एक रोहतकचा उस्ताद होता, त्यानं रंगरूटांना पकडलेला माणूस कसा बांधायचा ते शिकवलेलं. मागून जायचं. गुडघा टेकवायचा. “हाथ देखो, शकल मत देखो. शकल देखी तो गाँठ ढीली पड़ेगी.” हे वाक्य हंबीररावांच्या हाडात इतकं मुरलं होतं, की पोराला बांधतानाही ते मागूनच गेले. मनगटं बघितली, कमरेवरून पलंगाच्या पायाला नेलेली पट्टी बघितली, गाठ बघितली. ओढून बघितली. पक्की होती. शंभू काहीतरी म्हणत होता ते त्यांनी ऐकलं नाही, कारण आवाज तोंडाकडून येतो आणि तिकडं बघायचं नव्हतं. संध्याकाळी सोडायचं, जेवू घालायचं, परत बांधायचं. सवय झाली. आश्चर्य त्याचंच वाटायचं, की कसलीही सवय होते. शेवटी शेवटी ते खोलीत आले की शंभू स्वतःच पाठ करून बसायचा आणि हात मागं द्यायचा. हंबीररावांनी ते शालूबाईला अभिमानानं सांगितलं होतं: “आता ऐकतोय.”

मग लोणंदचं लग्न आलं. सख्ख्या पुतणीचं. नाही गेलो तर भावकी विचारणार का नाही आला, आणि गेलो तर विचारणार शंभू का नाही आला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं, म्हणून गेले. पाण्याचा तांब्या उजव्या हाताला पोचेल असा ठेवला, चपात्या ठेवल्या, हात पुढून बांधले म्हणजे खाता येईल, टीव्ही लावला, कुलूप घातलं. जेवणावळीत हंबीरराव आग्रह करत फिरले. परत यायला दिवेलागण झाली. घरात टीव्ही बंद होता, दिवसभर लाइट नव्हती. तांब्या पडून पलंगाखाली गेला होता. शंभूनं दातानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला होता, ओठ फाटला होता, पट्टी लाळेनं आणि रक्तानं ओली होती, आणि गाठ मात्र होती तशीच. पक्की. त्यांना वाटलं आता शिव्या देईल. शंभूनं वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, “जेवणात काय हुतं?” शालूबाई दारातच खाली बसली. तिच्या पदरात बुंदीची पुडी होती. दुसऱ्या दिवशी तिनं पट्ट्या गोळा करून चुलवणात घातल्या आणि म्हणाली, “आता ह्या घरातलं एक बी लुगडं मी फाडणार न्हाई. तुमाला बांधायचं आसंल तर आदी मला बांधा.” त्यानंतर सांगलीचा दवाखाना झाला. साताऱ्यात डॉक्टर नव्हते असं नाही, पण साताऱ्यात साताऱ्याची माणसंही होती.

दवाखान्यात भरती करतानाचा दिवस गाडी पेठ नाक्यावर थांबली तेव्हा परत अंगावर आला. वॉर्डात न्यायच्या आधी पट्टा, बुटाच्या नाड्या, लेंग्याची नाडी, गळ्यातली ताईताची दोरी, सगळं काढून घेतलं. हंबीररावांना ते पटत होतं; गार्डरूममध्ये हेच करतात. मग सिस्टरनं शंभूचा शर्ट वर केला आणि कमरेचा काळा करगोटा दिसला. “हाबी काढाय लागंल, काका.” स्वप्ना तिचं नाव. सांगलीचीच, तोंडानं फटकळ, केसात कायम एक पेन खोचलेलं. हंबीरराव ताडकन उभे राहिले. “करगोटा? आवं बाई, करगोटा कवा तोडत्यात म्हाईत हाय का तुमाला? माणूस तिरडीवर ठेवल्यावर!” सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. स्वप्ना सिस्टर दचकली नाही. “म्हाईत हाय. माझ्या बापाचा मीच तोडला हुता, भाऊ नव्हता म्हणून. पण हितं दोरी चालत न्हाई. पोरगं जित्तं र्‍हावं म्हणूनच हाय हे.” मग तिनं कात्री त्यांच्याच हातात दिली. “तुमीच कापा. म्हंजे मनात र्‍हायचं न्हाई.” त्यांनी कापला. तोंडाकडं न बघता, एका झटक्यात. करगोट्याच्या खाली कमरेवर एक रुंद, गडद पट्टा होता, लुगड्याच्या पट्टीएवढ्याच रुंदीचा. सिस्टरनं तो बघितला. शर्ट खाली केला आणि शंभूला म्हणाली, “चल गड्या, च्या पिऊ.”

तिथल्या दुसऱ्या दिवशी शंभूनं एका माणसाच्या डोक्यात ताट घातलं. हंबीरराव काचेबाहेर होते. चौघं वॉर्डबॉय आले, कुणी धाव घेतली नाही, कुणी ओरडलं नाही. प्रत्येकानं त्याचा एकेक हात-पाय धरला, आणि स्वप्ना सिस्टर डोक्याशी उभी राहून सारखी बोलत होती: आता आमी तुला धरतोय, आता डावा हात, आता पट्टा लावतोय, मऊ हाय, थोडा येळच हाय. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं, लिहिलं. पट्टे रुंद होते, आत कापूस. हंबीररावांची नजर अर्थातच पट्ट्यांवर. ते न राहवून आत गेले. “सिस्टर, ढिलं हाय. हात निसटंल.” “ढिलंच पायजे, काका. हे बघा.” तिनं मनगटाच्या आणि पट्ट्याच्या मधे दोन बोटं घालून दाखवली. “दोन बोटांची जागा र्‍हायली पायजे. आणि सोडताना एका ओढीत सुटलं पायजे. आग लागली, उलटी झाली, तर गाठ सोडवत बसू का?” मग ती स्टूल ओढून शंभूच्या समोर बसली आणि गप्पा मारायला लागली. तिची स्कूटर उतारावर कशी बंद पडते, मुलगी गॅदरिंगला झाडाचं काम कशी करणार आहे, झाडाला वाक्य नाही म्हणून कशी रडते. मधूनच उठायची, एक हात सोडायची, चोळायची, परत लावायची, दुसरा सोडायची. हंबीररावांना ते पाहून राग आला. कामाच्या वेळेत टवाळक्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडं रीतसर तक्रार केली: “तुमची नर्स पेशंटपाशी बसून घरच्या गप्पा हाणती.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हो. बांधलेल्या माणसापाशी एकानं बसायचं असतं. तीच तिची ड्युटी आहे.” हंबीररावांना ते उत्तर उर्मट वाटलं. गाडी आष्ट्याच्या पुढं गेली, उसाचा हिरवा वास आत आला, आणि त्यांना एकदम आठवलं: ते तक्रार करत होते तेव्हा आतून कुणीतरी हसलं होतं. झाडाच्या गोष्टीला. तो शंभू होता. त्यांनी तो आवाज ओळखलाच नव्हता.

भेटीच्या खोलीत तीन खुर्च्या आणि भिंतीला गणपतीचं कॅलेंडर. शंभू आला. दाढी केलेली, वजन वाढलेलं. हात शरीराच्या दोन्ही बाजूंना सहज सोडलेले. हंबीररावांना एकदम कळेना की मोकळ्या हातांच्या मुलाशी काय बोलतात. “बरा हाईस?” “हाय.” “जेवतोस?” “जेवतो. हितं आमटीत मीठ कमी असतंय.” “तुझी आई घालंल.” यावर दोघंही थोडं हसले, आणि हंबीररावांना वाटलं, झालं. घेऊन निघायचं. त्यांनी लेंग्याची पिशवी पुढं केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शंभूराज, वडील न्यायला आलेत. माझी हरकत नाही. पण जायचं का, ते तुम्ही सांगायचं.” हंबीररावांनी चमकून बघितलं. सैन्यात त्यांना कुणी विचारलं नव्हतं, घरात त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

शंभूनं पिशवीकडं बघितलं. “जायचं,” तो म्हणाला. “आई वाट बघत आसंल.” मग खुर्चीत पुढं सरकला. “पण आबा, एक सांगू का?”

“सांग की.”

“ते परत आलं, म्हंजे मला परत तसं व्हायला लागलं, आणि बांधायची येळ आली तर...”

“न्हाई!” हंबीरराव ओरडलेच. “शंभू, तुझ्या आईची शपथ, आता हात लावणार न्हाई मी. येक दोरी न्हाई घरात. आईनं पलंगसुदीक हलवलाय.”

“शपथ नका घालू.” शंभूचा आवाज शांत होता, लहान मुलाची समजूत काढावी तसा. “मला भ्या वाटतंय त्याचं. न्हाई बांधलं आन मी हायवेला गेलो मंग? बांधायचं न्हाई आसं मी म्हणत न्हाई. डॉक्टरला फोन करा, गाडी येईस्तवर धरा, बांधा. फकस्त माझ्याकडं बघून बांधा.”

हंबीररावांना समजलं नाही. किंवा समजलं, आणि समजलेलं छातीत कुठं ठेवायचं ते समजलं नाही.

“तुमी मागनं यायचा,” शंभू म्हणाला. “मी सांगत हुतो, आबा, तहान लागलीया. आबा, मला झोप येतीया. तुमी गाठीकडं बघायचा. मला वाटायचं, मी हाय का न्हाई हितं? का नुस्तं हातच हायती? मंग मी आरडायचो. मी हाय का ते बघाय.”

कॅलेंडरचं पान पंख्यानं फडफडत होतं.

“बघीन,” हंबीरराव म्हणाले. “बघीन की. त्यात काय.”

“आता बघा.”

“आँ?”

“आता. बघा की जरा.”

हंबीररावांनी मान वर केली. कारगिलच्या वेळी ते पुढच्या चौकीवर होते, ते कुणाला फारसं सांगत नसत, पण मान वर करायला तेव्हा एवढी ताकद लागली नव्हती. शंभूचे डोळे शालूबाईसारखे होते, जरा घारे. त्यांना वाटलं होतं तिथं राग असेल. रागाची त्यांना चांगली ओळख होती. राग नव्हता. तिथं नुसता शंभू होता, पस्तिशीला टेकलेला, खालच्या ओठावर जुनी बारीक रेघ असलेला, आणि तो थेट त्यांच्याकडं बघत होता. बापाला काही झेपतंय का ते बघणारं पोर कसं बघतं तसा. त्या ओठाच्या रेघेपाशी हंबीररावांना वाटलं, आपण श्वास घ्यायचा विसरलोय. घेऊ या म्हणाले. आणि श्वास घेता घेता नजर निसटली. गळ्यावरून, शर्टाच्या गुंड्यांवरून उतरून थेट मनगटांवर गेली आणि तिथं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, निवांत बसली.

शंभू हसला. खरंच हसला. “गेली बघा हातावर.”

“शंभू...”

“आसू द्या, आबा. जमंल.” त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला, जरासा थोपटला. मग डॉक्टरीणबाईंकडं वळला. “म्याडम, आज नको. मी र्‍हातो अजून थोडं दिवस. आबांची तयारी झाली न्हाई.”

“तुमची खात्री आहे?”

“व्हय. ह्यांला येऊ द्या मधनंमधनं. येतील की. गाडी थेट हाय.”

“आरं, तुझी आई...” हंबीरराव उठले. पडद्याचा रंग सांगावा असं वाटलं. निळा आहे म्हणावं. पण ते सांगायला परत वर बघावं लागलं असतं.

“आईला सांगा, जेवतोय म्हणावं.” शंभूनं पिशवी उचलली, लेंगा काढून अंगाला लावून बघितला. “माप बरोबर हाय,” तो म्हणाला, आणि वाकून त्यानं बापाच्या पायाला हात लावला. हंबीररावांना त्याचा भांग दिसला, नीट पाडलेला, आणि मानेमागची कोवळी जागा. मग तो आत गेला.

दाराला वर काच होती. हंबीरराव काचेशी गेले नाहीत. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज आला. स्वप्ना सिस्टर कुणावर तरी ओरडत होती. “शंभूराज, ये की लवकर! हा गडी क्वीन खिशात घालून बसलाय!”

“आलो, आलो!”

किती दिवसांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं. हाक मारली की घरातलं माणूस देतं तसलं, बिनमहत्त्वाचं, अर्धं हसणारं उत्तर. ते उत्तर त्यांच्या हाकेला नव्हतं. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून हंबीरराव तिथंच उभे राहिले, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्यासाठी पाणी आणायला स्वतः उठून गेल्या.